मुंग्यांचं घर, घासून गुळगुळीत

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. काल पुन्हा एक ओतकाम फसलं. मुंग्यांनी सोडलेल्या बिळात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं, निवलं की भोवतीची माती धुऊन काढायची, म्हणजे जमिनीखालचं त्यांचं घर हातात येतं. माझं ॲल्युमिनियम वीतभर खाली जातं आणि गोठतं. तुमच्याबरोबर जमलं तसं पुन्हा कधी जमलंच नाही.

त्र्याण्णव सालचा तो सोमवार आठवा. तुमच्या शिरोलीच्या फाउंड्रीला सुट्टी, माझं चित्रकलेच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि प्रदर्शनात काय ठेवायचं म्हणून माझं डोकं फिरलेलं. कळंब्याच्या रानात तुम्ही भट्टी लावता, मोडकी पातेली वितळवता, एका धारेत बिळात ओतता. आई बांधावरनं ओरडते, "लेकीपायी येडं झालायसा काय?" संध्याकाळी माती धुतली आणि उलटं झाड वर आलं. मधली जाड वाट, तिला फुटलेल्या बोटाएवढ्या गल्ल्या, टोकाला चपट्या खोल्या. जन्मभर हेच करायचं, असं मला तिथंच वाटलं.

मंगळवारी मला न विचारता ते पोत्यात गुंडाळून कामावर नेलंत. साच्यातून निघालेल्या मालाचे कडा-काटे उडवण्यात तुमचं आयुष्य गेलेलं. घरी आणलंत तेव्हा गल्ल्या, खोल्या सगळं छाटलेलं. उरला होता नुसता गुळगुळीत सोट.

"काय केलासा हे!"

"जादाचं वाढलेलं काढलं की. असला काटेरी माल कोण घेतंय? बघ, तोंड दिसतंय त्यात."

"अण्णा, तेच तर घर होतं!"

"मग आदी सांगायचं न्हाईस व्हय?"

तुकडे तोवर भट्टीत वितळले होते. प्रदर्शनात माझी जागा रिकामी राहिली. पुढं कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी जपून बोलायचात, त्याचाही मला रागच यायचा.

आता मी माझी अर्धीमुर्धी घरं मांडते. परवाच्या प्रदर्शनात एक बाई ती सगळी सोडून माझ्या टेबलापाशी थांबल्या. तिथं कागद उडू नयेत म्हणून तुमचा सोट ठेवला होता.

"हे केवढ्याला?"

"विकायचं नाही," मी खेकसलेच.

"कुणी केलंय?"

"आमच्या अण्णांनी. सगळं बिघडवून ठेवलंय."

त्या गेल्यावर मी तो ओढणीनं घासून पुसला. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगते. त्यात अजून तोंड दिसतं.