धाकटीच्या मानेभोवती बारीक खडे

ती. ताई,

तुला तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार. (नुसतं 'धाकटी' असं लिहीत नाही, त्याला कारण आहे, आणि ते कारण तूच आहेस.) तिकडच्या वाळवंटात तुझी तब्येत बरी असेल, डोळ्यांत वाळू जात नसेल आणि काटेरी झुडपांची मोजणी हातांना फारसं न टोचता चालू असेल, अशी आशा आहे. इकडे मी बरी आहे. घरातले सगळे बरे आहेत. जरा जास्तच बरे आहेत. त्याबद्दलच हे पत्र आहे.

आधी तुझ्या रोपाबद्दल लिहिते, कारण तुझा जीव तिथे अडकलाय हे मला माहीत आहे. बी पेरल्यापासून सहा वर्षं तू ते डोंगरावरच्या वनस्पती-संशोधन ठाण्यात वाढवलंस. मुठीएवढी हिरवी उशी व्हायला त्याला सहा वर्षं लागली. हा हिवाळा सरला की त्याला पहिल्यांदा निळं फूल येणार, तेव्हाच तू परतणार, आणि मी ते तुझ्या हातात द्यायचं, एवढंच माझं काम होतं. रोप जिवंत आहे. पुढचं वाचताना हे वाक्य लक्षात ठेव, लागेल.

बदलीच्या गडबडीत तू कुंडी ठेवायला आलीस तेव्हा मी तपासलेली मुद्रितं द्यायला छापखान्यात गेले होते. खाली तुझी गाडी हॉर्न वाजवत होती, म्हणून तू सगळं सासूबाईंच्या हातात देऊन पळालीस. सासूबाईंनी मला कुंडी दिली. (आणखी काय दिलं होतंस ते तुला माहीत आहे. मला नव्हतं.) महिन्याभराने तुझं पत्र आलं, 'सगळं कागदाप्रमाणेच चालू दे.' मला वाटलं, कागद म्हणजे कुंडीला गुंडाळलेलं वर्तमानपत्र. ते मी कचऱ्याच्या बादलीतून काढून इस्त्री केलं आणि दोन्ही बाजूंनी वाचलं. रोपाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. टायरच्या जाहिरातीत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या. तुला उलटटपाली विचारायला हवं होतं. पण 'मला झाडं कळतात' असं मी तुला एकदा ऐकवलेलं होतं, तेव्हा 'हो, कागदाप्रमाणेच चाललंय' असं लिहून मोकळी झाले. ते खोटं होतं. तुझ्या त्या ठाण्यावर फोन लागत नाही याचा मला तेव्हा आनंदच झाला.

आता घराचं ऐक. तू गेल्यानंतरच्या आठवड्यात सासूबाईंनी माझ्या खोलीतला हीटर उचलून आपल्या खोलीत नेला. थंडी नुकती सुरू झाली होती. मी नेऊ दिला, त्यांचे गुडघे दुखतात. मग माझी गादी, टेबल आणि मुद्रितांचे गठ्ठे मागच्या खोलीत गेले, जिथे ऊन कधी फिरकत नाही, आणि वर खिडकी सताड उघडी. 'तुला सोसेल इथे,' म्हणाल्या. चारचा चहा यायचा तो बंद झाला, म्हणजे चहा येई, पण बशीत. नुसती बशी, कप नाही. बिस्किटंही नाहीत. मी विचारलं, 'कप फुटला का?' तर माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं त्यांनी की माझ्या अंगावर काटा आला. 'सोस गं थोडं. तुझ्याच भल्याचं आहे.'

केस धुवायला निघाले की त्या न्हाणीघराच्या दारात उभ्या. 'डोक्यावरून पाणी नको.' का, तर नको. एके दिवशी त्यांनी स्वतःच्या पेटीतली बारीक दगडी मण्यांची माळ काढून माझ्या गळ्यात घातली. लग्नाला सतरा वर्षं झाली, या बाईंनी मला स्वतःचा रुमालसुद्धा कधी दिला नव्हता. 'काढायची नाही,' म्हणाल्या, 'झोपतानासुद्धा. मान कुजेल.' आता तू सांग, माणसाला संशय येईल की नाही? मला वाटलं, माझ्या तब्येतीचं काहीतरी या लोकांना कळलंय आणि माझ्यापासून लपवतायत. आरशात मान बघण्यात माझी एक अख्खी सकाळ गेली.

पण खरा हादरा यांनी दिला. तुझे मेहुणे कसे आहेत ते तू जाणतेस. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडतात, घरी आल्यावर बोलायचा कंटाळा करतात, आणि चालणं म्हणजे दुकान ते घर. हा माणूस एका संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, 'चप्पल घाल. फिरून येऊ.'

'कशाला?'

'असंच.'

'असंच म्हणजे? काय झालंय?'

'काही नाही गं. चल. नाहीतर एका बाजूला कलशील.'

मी चप्पल घातली. नदीकाठच्या रस्त्याने पूल, पुलावरून परत. मोजून पंचवीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे. एक दिवसाआड, घड्याळ लावल्यासारखे! सतरा वर्षांत न सुचलेलं नवऱ्याला अचानक सुचतं तेव्हा बाईने काय समजायचं? मी खिसे तपासले. दुकानाजवळून दोनदा उगीच गेले. शेजारच्या शिंपीणबाईंना आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'आमच्या यांनी तर मला कधी कोपऱ्यापर्यंतही फिरवलं नाही, तुम्ही कशाला उकरून काढताय?' पण मी मुद्रितं तपासते. नीट दिसणाऱ्या ओळीतच चूक दडलेली असते, हे माझं पोट भरणारं ज्ञान आहे. आणि हा माणूस पुलावर थांबून मला पाण्यातली बदकं दाखवत होता.

त्यात तुझी पत्रं. 'धाकटी कशी आहे? फुगली तर जप, आतून मऊ पडते.' मला वाटलं, वाळवंटात एकटी राहून तुला माया सुचायला लागली आणि तू मला तृतीयपुरुषी लिहायला लागलीस. मी उत्तर दिलं, 'थोडी फुगलेय, पण या वयात सगळ्याच फुगतात, आणि आतून मऊ तर मी पहिल्यापासून आहे.' त्यावर तुझी तार आली, 'खुराक ताबडतोब बंद कर.' मी दोन दिवस जेवणावर रागावून बसले. सासूबाईंना आनंद झाला.

मागच्या मंगळवारी लाल पेन संपलं. सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत पेन्सिलीचे तुकडे असतात म्हणून ती उघडली, आणि तळाशी चार घड्या घातलेला तुझ्या अक्षरातला कागद. मला तो पाठ झालाय, तरी उतरवते, म्हणजे तू काय लिहिलंयस ते तुलाही एकदा कळेल:

'धाकटीसाठी. हिला ऊब सोसत नाही. थंडीत गार, बिनउन्हाच्या खोलीत ठेवावी, खिडकी उघडी असावी. पाणी बेताचं, तेही बशीतून. डोक्यावरून कधीही नाही. मानेभोवती बारीक खडे असावेत, नाहीतर मान कुजते. खुराक देऊ नये, फुगते. एक दिवसाआड थोडी फिरवावी, नाहीतर एका बाजूला कलते. एवढं करूनही फुलली नाही तर तिला दोष देऊ नये. जात अवघड आहे. जपाल तर पुष्कळ वर्षं सोबत करील.' खाली सही, आणि सहीआधी 'डॉ.'

ताई, रोपाचं नाव धाकटी ठेवल्याचं तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. आणि सासूबाईंच्या लेखी डॉक्टर एकाच प्रकारचा असतो.

आता कुंडीचं. हे सगळं चार महिने माझ्यावर चालू होतं, तेव्हा मी तुझ्या धाकटीला स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवून, रोज डोक्यावरून पाणी घालून, वर शेणखत घालत होते. ती टरारून फुगली. मी खूश. मग मध्यभागी तपकिरी डाग पडला, बोट लावलं तर आत गेलं. कागद वाचल्यावर मी धावत कुंडी माझ्या गार खोलीत आणली, यांचा बारीक चिमटा घेऊन कुजलेलं सगळं खरवडून काढलं आणि मानेभोवती खडे रचले. (माळ तोडली नाही. बांधकामावरची खडी चाळून आणली.) उरलंय ते नाण्याएवढं. कडेला दोन नवे हिरवे ठिपके दिसतात. फूल यंदा येणार नाही. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. तुझी सहा वर्षं मी चार महिन्यांत लाडाने कुजवली.

पण एक गोष्ट मनातून जात नाही, ती विचारते. 'तिला दोष देऊ नये' या ओळीखाली सासूबाईंनी पेन्सिलीने रेघ मारली आहे, आणि बाजूला त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय, 'खरं आहे.' आम्हाला मूल झालं नाही त्यावरून या घरात मला कुणी कधी टोचून बोललं नाही, आणि त्या न बोलण्याचाही मी सतरा वर्षं संशय घेत आले. खरं सांग ताई, ती ओळ लिहिताना तुझ्यासमोर नक्की कोण होतं? रोपच होतं ना?

उत्तराची वाट पाहते. वाळूत जपून राहा. उन्हात डोक्यावरून पाणी घेत जा, तुला चालतं.

तुझी
धाकटी बहीण (झाड नव्हे)

ता. क. कागद होता तसा चार घड्या घालून डबीत ठेवला आहे. घरात कुणाला काही सांगितलेलं नाही. तूही आल्यावर तोंड उघडू नकोस.

ता. क. २. सासूबाईंच्या नावाने बंद पाकिटात एक नवा कागद पाठव, 'डॉ.' ठळक काढ. चहा कपातून चालेल, केस आठवड्यातून दोनदा धुवावेत, एक-दोन बिस्किटांनी फुगत नाही, असं लिही. दोष देऊ नये ती ओळ जशीच्या तशी ठेव. तिच्यात दुरुस्ती नाही.

ता. क. ३. रोप परत नेण्याची घाई करू नकोस. ते नाण्याचं पुन्हा मुठीएवढं होईपर्यंत इथेच राहू दे, मी गार खोलीत त्याच्या शेजारीच झोपते. कुंडी गेली की कागदही जाईल, अशी मला भीती वाटते.

ता. क. ४. 'एक दिवसाआड' खोडून 'रोज' कर.