पायऱ्या उतरणारी गाडी

दादा,

काल तुमच्या गाडीचं मागचं शॉकअप तुटलं. रिमोटवर चालणारी ती मोठ्या चाकांची गाडी, लकवा झाल्यावर तुमचं मन रमावं म्हणून तुमच्या या लेकीनं पुण्याहून आणली होती ती. वर्षानुवर्षं कपाटात पडून होती. काल पुसायला काढली, हातानं जराशी दाबली, तर शॉकअपच्या टोकाचं प्लास्टिक कट्कन मोडलं. न चालवताच ठिसूळ झालं होतं. तुकडे तळहातावर घेऊन मी ओट्यावर बसले आणि तुम्ही गेलात त्या दिवशी आलं नव्हतं तेवढं रडू आलं.

कळमनुरीच्या गॅरेजमध्ये जन्मभर लोकांच्या मोटारसायकलींचे शॉकअप बसवलेत, आणि शेवटी स्वतःच्या घराच्या पायऱ्या उतरणं तुमच्या हातात राहिलं नाही. उजवं अंग गेलं होतं. शेजारचे येऊन उचलायचे तेव्हा तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. गाडी आणली तेव्हा रिमोट मांडीत धरून डाव्या हातानं चालवायला शिकलात. ती अंगणात उतरवायला मी फळी लावते म्हटलं, तर मान हलवलीत. शब्द अडकत होते. "फळी न्हाई. पायऱ्या." गाडी पहिल्याच पायरीवरून उडाली, खाली आपटली, शॉकअप निखळून चाक आडवं पडलं. "हिचाबी पाय गेला," म्हणालात. आई उठून आत गेली.

मग तुम्ही बाजेवर आणि मी खाली, मांडीवर गाडी उलटी घेऊन. शॉकअप उघडलं तर आत तेल जवळजवळ नाहीच. "म्हणून तळाला जाऊन आदळून राहिली," तुम्ही म्हणता. आपण दाट तेल भरतो, दांडी सावकाश वरखाली करून बुडबुडे काढतो. दांडीत रबराची बारीक चकती ओवायची कल्पना तुमची, म्हणजे शेवटचा दणका प्लास्टिकला न बसता रबराला बसेल. मी स्क्रू पिळते आहे, तोच तुम्ही ओरडता, "काहून एवढं आवळून राहिलीस? त्याला हलायला जागा ठेव, न्हाई तर मोडंल." आजारपणानंतर पहिल्यांदाच माझ्यावर रागावलात. मला इतकं बरं वाटलं, की स्वयंपाकघरात धावत जाऊन आईला सांगितलं, दादा ओरडले. आईनं पदर तोंडाला लावला.

आणि ती संध्याकाळ. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली आहे, आई ती हातानं परतते आहे. तुम्ही गाडी पायरीच्या काठाशी सरळ लावलीत, दोन्ही बाजूंची चाकं बराबर पडतील अशी. एक पायरी उतरली. शॉकअप दबलं, उठलं. तुम्ही थांबलात. पुढची. त्याच्या पुढची. गाडी अंगणात आली, हळदीच्या कडेकडेनं गेली आणि आईच्या पायाशी उभी राहिली.

"आलो बघ," तुम्ही ओट्यावरून म्हणालात.

आई खाली बसली. पिवळा झालेला हात तिनं गाडीच्या टपावर ठेवला. "या," म्हणाली, "लई दिवसांनी आलात."

ती हळद बाजारात जायच्या आत तुम्हाला दुसरा झटका आला. माणसं तुम्हाला खांद्यावर घेऊन त्याच पायऱ्या उतरली. मी मागं उभी होते.

तुटलेला भाग नवीन मिळतो, बसवताही येईल मला. बसवीनही कदाचित. आई आता फारशी बाहेर येत नाही, आत पडून असते. हे मी तिला वाचून दाखवणार नाही आणि तुम्हाला पाठवायला तर जागाच नाही. एक गोष्ट मात्र कुठंतरी सांगायला हवी, दादा. आजाराआधी तुम्ही कसे बोलायचात, तो आवाज मला आता आठवत नाही. कितीदा प्रयत्न केला. आईला विचारावंसं वाटतं, पण विचारत नाही. तिलाही आठवत नसला तर?