पहिलं वर्ष आजारी पडायचं नाही

३ ऑगस्ट २०००

गाठ साधी नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि आमच्याकडे न सरकवताच बोलायला सुरुवात केली. तेव्हाच कळलं.

रेजिनाने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "म्हणजे ऑपरेशन." एवढंच म्हणाली. शाळेच्या सहलीची तारीख पक्की करावी तसं.

तिला भुईगावला घरी सोडून दुपारी कचेरीत गेलो. जायला नको होतं – पण रविवारचं पान माझ्याकडे, आणि पान कोणासाठी थांबत नाही. संपादक म्हणाले, "आता खाजगी विमा कंपन्या येणार. वाद लावू या. एक बाजू – औषधपाणी सगळ्यांना सरकारनेच द्यावं, एकाच तिजोरीतून. दुसरी – ज्याने त्याने विमा उतरवावा. बघा, व्हॅलेरियन."

बघतो म्हणालो. तीस वर्षं 'बघतो'च म्हणतो आहे.

५ ऑगस्ट

संध्याकाळी मार्थाबाय आणि फर्डिनंड दोघंही आले. मार्थाबाय माझी थोरली बहीण, सरकारी दवाखान्यात नर्स होती. फर्डिनंड रेजिनाचा धाकटा भाऊ, विम्याचा एजंट. आमचा आरोग्य विमा त्यानेच गेल्या वर्षी जूनमध्ये उतरवला. रेजिनाला कुठे न्यायचं हे ठरवायला आले होते, आणि माझं रविवारचं पान ओट्यावरच सुरू झालं!

"मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात न्या," मार्थाबाय म्हणाली. "रोज हेच करतात ते. हात बसलाय त्यांचा."

"हात बसलाय त्यांचा, आणि पेशंट बसलाय बाकावर! सिस्टर, तुमच्या सरकारात कापूससुद्धा बाहेरून आणायला लावतात."

"लावतात. पण दारात आलेल्या बाईला 'हप्ता भरलास का' असं मी जन्मात विचारलं नाही, एजंट!"

"म्हणून तर तिजोरी रिकामी."

"तिजोरी तुम्ही रिकामी केली. ज्यांच्या तोंडाला वाचा आहे ते सगळे खाजगीत पळाले. वॉर्डातला पंखा बंद पडला तर बोंब कोण मारणार? मुकी माणसं?"

"आणि तुमचा पंखा फिरेपर्यंत माझ्या बहिणीने थांबायचं?"

तेवढ्यात रेजिना बोंबलाचं कालवण घेऊन बाहेर आली. म्हणाली, "माझं ऑपरेशन जेवल्यावर करा. आधी हात धुवा."

ठरलं ते असं – ऑपरेशन विम्यावर, बोरिवलीच्या खाजगी इस्पितळात. किरणांचे उपचार मुंबईत, सरकारी. दोघंही जिंकल्यासारखे घरी गेले.

९ ऑगस्ट

विम्याची बाजू लिहिणाऱ्या गृहस्थांनी आयत्या वेळी कळवलं – वरून परवानगी नाही. पान उद्या लागायचं. लेख मीच लिहिला, एका काल्पनिक नावाने. दीड तास लागला. दुसऱ्या बाजूच्या डॉक्टरांचा लेख आलाच होता, पण इतका पसरट की तोही जवळजवळ नव्याने लिहून काढला. म्हणजे दोन्ही बाजू माझ्याच! या धंद्यात हे नवीन नाही.

विम्याच्या लेखात एक वाक्य बरं उतरलं – 'विमा असलेला माणूस आजार लपवत नाही. तो वेळेवर डॉक्टरकडे जातो.'

१३ ऑगस्ट

चर्चमधून, रविवारच्या मिस्साहून आल्यावर रेजिनाने पान उघडलं. हातात सवयीने लाल पेन.

"दोन्ही तुम्हीच लिहिलेत."

"कशावरून?"

"दोघंही 'वास्तविक' म्हणतात. आणि दोघंही तिसऱ्या वाक्याला दम घेतात." मग विचारलं, "तुमचं मत काय?"

"पानाला मत नसतं."

"पानाला नसतं. तुम्हाला?"

चहाला आधण आलंय म्हणालो आणि उठलो. परत आलो तेव्हा तिचं बोट माझ्या त्या वाक्यावर होतं. "हे खरं आहे?"

"खरं वाटतं."

तिने पान घडी करून ठेवलं. लाल पेन लावलंच नाही.

२२ ऑगस्ट

आजचं आजच लिहून ठेवतो.

बोरिवलीला दाखल करण्याआधी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाठ कधीपासून? मी म्हणणार होतो – महिना-दीड महिना झाला असेल. जुलैत, विम्याचं नूतनीकरण झाल्यानंतरच्याच आठवड्यात, तिने मला सांगितलं होतं. तेवढ्यात रेजिना म्हणाली, "गेल्या ऑक्टोबरपासून."

घरी आल्यावर तिला पाणी दिलं, मग विचारलं.

"गेल्या वर्षी जूनमध्ये फर्डिनंड पॉलिसी घेऊन आला होता," ती म्हणाली. "इथेच जेवला. ताटातून उठताना म्हणाला, 'पहिलं वर्ष कोणी आजारी पडायचं नाही हं! कंपनी मला फाडून खाईल.' आठवतं?"

आठवलं. मी हसलो होतो.

"ऑक्टोबरात क्रूसापाशी जपमाळ चालली होती. गुडघे टेकून उठताना हाताला लागली. म्हटलं, जून काही लांब नाही. खोटं सांगायचं नव्हतं मला, आणि तुमचा पैसाही बुडू द्यायचा नव्हता. म्हणून डॉक्टरकडे गेलेच नाही. गेले असते तर कागदावर तारीख पडली असती."

"मार्थाबायच्या दवाखान्यात जायचंस! पायी जाण्यासारखा. फुकट!"

"तिथेही तारीखच पडली असती ना?"

ही बाई! तीस वर्षांच्या नोकरीत गैरहजर मुलाच्या नावापुढे हजेरी लावली नाही. कोणी रडलं तरी नाही. खोटी तारीख सांगायला नको म्हणून तिने खरी तारीखच पडू दिली नाही.

२३ ऑगस्ट

नऊ महिने. एका घरात, एका पलंगावर. मी टेबलाशी बसून 'आजार लपवत नाही' लिहीत होतो आणि ती पलीकडे चाचणीच्या वह्या तपासत होती.

२ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. रेजिनाने मान डोलावली – मुलांच्या आईबापांना ती असंच सांगत आली आहे.

५ सप्टेंबर

शिक्षकदिन. पाचवीच्या मुली भुईगावाहून फुलं घेऊन बोरिवलीपर्यंत गेल्या. मी कचेरीत होतो, पान होतं. मार्थाबाय तिच्याजवळ बसली होती.

विमा कंपनीचे डॉक्टर चौकशीला येऊन गेले म्हणे. मार्थाबायने फोनवर सांगितलं, "भला माणूस. पास होईल, काळजी करू नको." संध्याकाळी गेलो तेव्हा रेजिना भिंतीकडे तोंड करून पडली होती. दमली असेल.

१७ ऑक्टोबर

किरणांसाठी रोज मुंबई. सरकारी इस्पितळाचा व्हरांडा माणसांनी भरलेला, पण काम चोख. नंबर आला की नाव पुकारतात. मंत्र्याच्या भावालाही नंबरानेच.

शेजारी अर्नाळ्याची एक कोळीण बसते. पहिल्या दिवशी म्हणाली, "बाय, पानी हाय का?" तेव्हापासून आमची बाटली तिघांची. दोन वर्षं तिने गाठ अंगावर काढली. रेजिनाने विचारलं, इथे तर फुकट आहे, लवकर का नाही आलात? ती हसली. "इलाज फुकट हाय गो. पन दिस कोन देनार? मी हितं बसले तर मासली कोन इकनार?"

परतताना रेजिना म्हणाली, "तुमच्या दोन्ही लेखांत ही बाई नाही."

"नाही."

"मीही नाही."

९ नोव्हेंबर

विम्याची रक्कम मंजूर. फर्डिनंड पेढे घेऊन आला. पेढे! मार्थाबायने खाल्ला आणि म्हणाली, "काही म्हण, विमा होता म्हणून निभावलं." आणि फर्डिनंड म्हणतो, "छे हो सिस्टर, त्या सरकारी इस्पितळातले डॉक्टर देवमाणसं आहेत. असं प्रत्येक तालुक्यात पाहिजे." दोघांनी बाजू बदलल्या आणि दोघांनाही पत्ता नाही! रेजिनाने माझ्याकडे बघून डोळा मारला. कितीतरी दिवसांनी.

२६ डिसेंबर

नाताळच्या मिस्साला ती बसूनच होती. सगळे उभे राहिले तेव्हाही. पाठ दुखते म्हणाली. थंडी असेल, म्हणालो मी. थंडी नाही हे दोघांनाही माहीत होतं.

११ जानेवारी २००१

हाडांत गेलंय.

१४ जानेवारी

फादर विचारत होते, रविवारी आजाऱ्यांच्या प्रार्थनेत नाव घेऊ का? ती नको म्हणाली. "माझ्या वर्गातली मुलं बसलेली असतात. सोमवारी परीक्षा आहे त्यांची."

२५ जानेवारी

आज बरं वाटत होतं तिला. उशीला टेकून बसली. म्हणाली, "तिसरा लेख लिहा. दार उघडं असूनही माणूस आत का जात नाही, त्यावर."

"तू सांग. मी लिहून घेतो."

"त्या अर्नाळेवालीला दिवस मोडायची भीती. मला तारखेची." उशी सारखी केली. "विमा नसता तर मी दुसऱ्याच दिवशी मार्थाबायकडे गेले असते हो. वाट बघायला काही कारणच नव्हतं."

मी पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, "ठेवू नका. लिहा."

४ फेब्रुवारी

फर्डिनंड आला, पण आत रेजिनाकडे गेलाच नाही. मला मागे केळीत घेऊन गेला. त्याला ऑक्टोबरचं मार्थाबायकडून कालच कळलं.

"भाऊजी, ती वर्षाची अट मोतीबिंदूला होती. हर्नियाला होती. असल्या पाचसहा दुखण्यांना. बाकी आजारांना पहिला महिना सोडला की झालं. ऑक्टोबरात ती आली असती तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून दिलं असतं मी. जेवताना गंमत केली हो मी! गंमत!"

केळीचा खांब धरून रडला. पन्नाशीचा माणूस. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? त्याने गंमत केली होती, मी हसलो होतो. ती एकटीच हसली नव्हती.

"तिला सांगू का?" म्हणाला. "माफी मागतो."

"नाही," मी म्हणालो. "निदान तिला वाटू दे की थांबण्याला काही अर्थ होता."

तोंड धुऊन आत गेला. तिने विचारलं, डोळे का लाल? म्हणाला, साथ आहे डोळ्यांची.

५ फेब्रुवारी

तिच्याशी बोलताना आता प्रत्येक वाक्य तपासून बोलतो. पानासाठीसुद्धा इतकं तपासलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

आमचा डेन्झिल मस्कतहून आला. आईच्या हाताखाली उशी सरकवली, तर म्हणाली, "केस कापून घे." फादर आजाऱ्याचं पवित्र तेल लावून गेले.

१९ फेब्रुवारी

सकाळी रेजिना गेली.

२२ फेब्रुवारी

घर भरलेलं असतं. मार्थाबाय सगळ्यांना कॉफी देते. फर्डिनंड खुर्च्या लावतो, उचलतो, परत लावतो.

४ मार्च

संपादकांचा फोन. आधी विचारपूस केली – मनापासून केली. मग म्हणाले, बजेट झालंय, तो आरोग्याचा वाद पुन्हा काढायचा आहे. "दोन्ही बाजू तुम्हीच बघाल का? घाई नाही."

"एक बघतो," मी म्हणालो. "माझ्या नावाने. दुसरी दुसऱ्या कोणाकडून घ्या."

लिहिला. सरकार फार चांगलं आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. कापूस बाहेरून आणावा लागतो हेही आहे. अर्नाळ्याची बाई आहे – नुसतं फुकट पुरत नाही, दिवसही भरून द्यावा लागतो, हे तिच्या तोंडचं. फर्डिनंडची गंमत नाही. रेजिनाचं नाव नाही. एवढंच म्हटलंय, की आजारी माणसाला तारखेची भीती वाटणार नाही असं दार हवं, आणि ते सगळ्यांचं एकच हवं. 'वास्तविक' एकदाच आला होता. काढला.

११ मार्च

लेख आला. मार्थाबायने वाचला आणि पानाची घडी घालून मांडीवर ठेवली.

मग म्हणाली, "व्हॅली, तिला माहीत होतं रे. त्या शिक्षकदिनी कंपनीचा डॉक्टर आला ना, तो तिला म्हणाला, 'बाई, या आजाराला ती अट नव्हतीच. का थांबलात?' मी तिथेच होते. तो गेल्यावर तिने माझा हात धरला. म्हणाली, 'यांना सांगू नका. आणि फर्डिनंडला तर कधीच नाही. त्याला वाटू दे, गाठ जुलैतच लागली.' ऑक्टोबरचं माझ्या तोंडून निसटलं त्याच्यापुढे. एवढं मात्र नाही."

म्हणजे सप्टेंबरपासून. पेढे खाल्ले तेव्हाही. डोळा मारला तेव्हाही.

फर्डिनंड जेवायला येतो म्हणालाय. त्याला वाटतं तिला शेवटपर्यंत कळलं नाही – तेवढ्यावर तो उभा आहे. मार्थाबायला म्हटलं, आता हे आपल्या दोघांत.

बोंबील आणून ठेवलेत.