शेजार नसलेली दीर्घिका

४ डिसेंबर

मिळाला! वायू मिळाला!

पठारावरच्या अँटेनांनी आज भरदुपारी माझी दीर्घिका पकडली. पडद्यावर रेषा अशी उसळली की मी खुर्चीतून उठून नाचलेच. थंड हायड्रोजन स्वतः तोंड उघडत नाही. त्याच्या सोबतचा कार्बन मोनॉक्साइड त्याचा ठावठिकाणा सांगतो. आणि साठा तरी केवढा! यातून घडतील तारेच तारे!

अँटेना चालवणारा निबाल्दो म्हणाला, "यास्ना, बस खाली. इथं आधीच प्राणवायू कमी, त्यात तू नाचतेस."

५ डिसेंबर

पावावर अवोकाडो थापला, आणि पाव तिथंच विसरून आले.

६ डिसेंबर

कोन्सेप्सिओन शहरातून लोरेतोचा फोन. एकत्र शिकलो तेव्हापासून भांडतोय. तिचं म्हणणं — शेजारची दीर्घिका येऊन धडकल्याशिवाय ताऱ्यांचा असा भडका उडत नाही. माझं — उडतो! ही माझी दीर्घिका बघ की, अवतीभवती कुणी नाही, तरी वर्षाला शेकडो सूर्य घडवतेय. अकरा वर्षं मी हेच सांगतेय, आणि ही माझा एकुलता एक पुरावा.

"अगं, नीट बघ. कुणीतरी लपलेलं असणार."

"कुठं लपेल? कपाटात?"

"गाढवीण आहेस नुसती!"

"आणि तू बैल. जिथं तिथं धडका!"

पोट दुखेपर्यंत हसलो.

फोन ठेवल्यावर मात्र तो आलेख पुन्हा उघडला. रेषेला दोन शेंडे आहेत. फिरत्या दीर्घिकेला असे येतातच — एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. येतातच ना?

९ डिसेंबर

आणखी बारीक नजरेनं बघायला अँटेनांवर वेळ मिळाला, आणि आभाळ भरून आलं! एवढ्या लांबचा वायू दिसतो, आणि आडवी येते ती बोलिव्हियाकडची वाफ.

"ढगांना शिव्या देऊन झाल्या असतील तर जेवायला चल," निबाल्दो म्हणाला. "काझुएलाचा रस्सा गार होतोय."

११ डिसेंबर

हवा कोरडी! निरीक्षण झालं!! चित्र उद्या. एकच ठिपका आला तर मी खरी. दोन आले तर अकरा वर्षं — नाही लिहवत. आणि तरी मेलं मन गुणगुणतंच आहे.

१२ डिसेंबर

दोन आहेत.

साध्या दुर्बिणीला जिथं निव्वळ काळोख दिसायचा, तिथं दुसरी — धुळीत बुडालेली, पोटात पहिलीहून जास्त वायू. दोघींच्या मधे वायूचाच एक बारीक धागा — धडकेची खूण.

मी चुकले. साफ चुकले! आणि हसू आवरत नाहीये — हिला आजवर कुणीच पाहिलेलं नाही. लोरेतोला सांगते. थोड्या वेळानं.