सातव्या माडापर्यंत

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

सुर्ला, डिचोली
१२ ऑगस्ट १९८८

चि. जयराम,

तुला आणि सुलोचनेला आशीर्वाद. तुझे पत्र परवा पोचले. इकडे सगळे ठीक. खाणीची तांबडी धूळ पावसाने खाली बसवली आहे, तेवढाच माझ्या खोकल्याला आराम. गाय व्याली, पाडी झाली. तुला गोदीत बढती मिळाली हे तू मला चार ओळींत कळवलेस आणि नवीन घड्याळाबद्दल पानभर लिहिलेस. पोरपण काही जात नाही तुझे.

पेडण्याला घर घेतोस हे वाचून फार बरे वाटले. तू लिहितोस, विकणारे सुलोचनेचे सख्खे मामा. ते म्हणतात, मोजणी कशाला, मी स्वतः हद्दीची मेर चालून दाखवतो. मोजणीदार बोलावला तर मामांचा अपमान, नाही बोलावला तर तुझी झोप उडणार. म्हणून मोठ्या बहिणीला विचारतोस.

मोजणी कर. फी भर आणि मोकळा हो. मामा रुसतील तर रुसू देत. तुझ्या लग्नातही ते मान दिला नाही म्हणून रुसले होते आणि संध्याकाळी चार वाट्या मणगणे खाऊन गेले होते.

तू पुढे विचारलेस, ‘आक्का, तुम्ही तरी कुठे मोजणी केली होती?’ नव्हती केली. आमची गोष्ट वेगळी. जमीन आमचीच होती, शेजारचा बाबाजी उगाच तंटा करत होता, तो अंगावर आला आणि तुझ्या भावोजींच्या हातून तो गेला. सात वर्षे ते तुरुंगात आहेत. हे सगळे तुला पाठ आहे, पुन्हा कशाला उगाळायचे?

ते पुढच्या महिन्यात सुटतात. पत्र आले आहे त्यांचे. घरी आल्या आल्या पहिले काम म्हणजे वादाच्या त्या माडापर्यंत चिऱ्यांची पक्की भिंत घालणार. हे गावात कुणी तरी बाबाजीच्या बायकोला, गंगेला, सांगितले. ती काल मला ऐकू जाईल अशी तिच्या अंगणात उभी राहून म्हणाली, “येवं दी ताका भिंत बांदूंक. म्हज्याय घरांत कोयतो आसा.” ती नुसती बोलणारी बाई नाही. भिंतीचा पहिला चिरा बसला की दुसरा मुडदा पडणार, एवढे मला दिसते आहे.

तू मोजणी कर. कारण विचारू नकोस.

शेवंती


सुर्ला
३० ऑगस्ट १९८८

चि. जयराम,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे, हे पत्र तीन दिवस चालले आहे. उजवा हात मोडला. न्हाणीत पाय घसरला म्हणून सगळ्यांना सांगितले. तुलाही तेच लिहिणार होते.

तू उलट टपाली कळवलेस की कारण सांगितल्याशिवाय मोजणीला एक पैसा घालणार नाही. लहानपणापासून तुला प्रत्येक गोष्टीचे कारण लागते, गाढवा. घे तर मग.

हे घर आम्ही एकोणऐंशी साली कृष्णनाथबाबांकडून घेतले. म्हातारा ऐंशीचा, जन्मात खोटे बोलला नसेल. ह्यांनी हळूच विचारले, मोजणी करून घेऊया का? मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. आम्ही सावंतवाडीकडची माणसे, खनिजाच्या ट्रकावर पोट भरणारी. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने जमीन दाखवायची आणि आम्ही ती मोजायला काढायची म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणेच. बाबांनी जागेच्या राखणदार देवाला नारळ फोडला, गाऱ्हाणे घातले आणि अनवाणी पायांनी मेर चालून दाखवली. “बांयकडसून सातवो माड, थंय मेर,” म्हणाले. विहिरीपासून एकेका माडाला हात लावत त्यांनी सात मोजले. मग मूठभर माती माझ्या पदरात घातली. मी तिथेच रडले, इतका आनंद झाला होता.

बाबाजी पहिल्या दिवसापासून सांगत होता, “सातवो माड म्हजो.” आम्ही खुंट पुरायचे, त्याने उपटायचे. त्याने दगड मारला त्यात ह्यांचा पुढचा दात गेला. मी उकळती पेज त्याच्या पायावर ओतली. पंधरा दिवस तो अंथरुणात होता. आईला हे कळू दिले नव्हते. खरे सांगते, मला चेव यायचा. सकाळी उठून आधी ते खुंट जाग्यावर आहेत का बघायचे आणि नसले की अंगात काही तरी सळसळायचे, बरेही वाटायचे.

त्या दिवशी भर दुपार होती. हे ट्रकाची खेप करून आले आणि जेवून आडवे झाले होते. मी खिडकीतून बघते तर बाबाजी त्या माडाखाली पडलेले नारळ गोळा करतो आहे. मी ह्यांना हलवले. ते कूस बदलून म्हणाले, “अगो, दोन नारळ न्हेल्यान तर न्हेव दे. माका झोप येता.”

मी म्हटले, “बांगड्यो भरा हातात आणि ऱ्हवा पडून!”

तेव्हा उठले. रिकाम्या हाताने निघाले होते, जयराम. उंबऱ्यापर्यंत रिकाम्या हातानेच गेले. भिंतीला टांगलेला कोयता मी काढला आणि त्यांच्या मुठीत दिला. कोर्टात ते म्हणाले, मीच घेतला. मला कुणी विचारलेच नाही आणि मीही तोंड उघडले नाही.

बाबाजी अंगावर आला नव्हता. त्याच्या दोन्ही काखेत नारळ होते, हात मोकळेच नव्हते. पहिला वार खांद्यावर बसला. तो म्हणाला, “शांताराम, आयक मरे.” हे थांबले. मी मागून ओरडले, “घाला!” दुसरा मानेवर बसला. रक्त माझ्या पायांपर्यंत उडाले. तो खाली पडल्यावर गंगा धावत आली आणि त्याची मान दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. मी ते उभी राहून बघत होते आणि मला त्या वेळी वाईट वाटले नाही. आमच्या जमिनीत शिरला, भोगले, असेच वाटले.

आता मोजणीचे. ह्यांना शिक्षा झाल्यावर गंगा येताजाता मला चोरटी म्हणायची. एका शेतकीच्या हंगामात मजुरी करून पैसे जमवले आणि चौऱ्याऐंशी साली मी मोजणीदार आणला. नकाशा तिच्या तोंडावर फेकायचा होता मला. ती गिरणीवर गेली असताना त्याने काम उरकले. फीत लावली, कागद बघितले, पुन्हा फीत लावली. मग चौथ्या आणि पाचव्या माडांच्या मधले गवत पायाने बाजूला सारले. खाली कुजलेला बुंधा होता, काळा ठिक्कर.

आम्ही घर घेण्याआधीच्या वर्षी वीज पडून एक माड गेला होता. कृष्णनाथबाबांना दिसत कमी होते. त्यांनी आयुष्यभर सात मोजले तसे त्या दिवशीही सात मोजले, पण उभे होते तेच मोजले. त्यांचा सातवा तो खरा आठवा. मेर एक माड अलीकडे होती. बाबाजी खरे बोलत होता. मोजणीदाराचे हे सगळे काम जेवणवेळेच्या आत संपले.

नकाशा मी तांदळाच्या डब्यात तळाशी घातला. तुला कळवले नाही, ह्यांनाही नाही. दर महिन्याला भेटायला जायची. हे म्हणायचे, “इतकी वर्षां गेली, पण आपली जमीन राखली.” मी मान हलवायची. चार वर्षे मान हलवली.

तुला ‘मोजणी कर’ लिहिले आणि पाकीट चिकटवताना मला माझीच किळस आली. दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन गंगेकडे गेले. ती कांडत होती. तिला वाचता येत नाही म्हणून मी बोटाने दाखवले, ही विहीर, हा बुंधा, ही मेर, हा तुमचा माड. तिने सगळे नीट ऐकले. मग एकच विचारले, “कागद केन्नाचो?”

“चार वर्सां जालीं.”

तिने मुसळ उचलले. पहिला घाव मी हातावर घेतला, हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. मग पाठीवर, मांड्यांवर, पुन्हा पाठीवर. मी हात उगारला नाही, ओरडलेही नाही. ओरडले असते तर माणसे जमली असती आणि तिला थांबवले असते. दमली तेव्हा ती आपणच थांबली. म्हणाली, “आतां वच. तुज्या घोवाक सांग.”

म्हणून चोवीस तारखेला तुरुंगात गेले. माझा गळ्यात अडकवलेला हात बघून हे संतापले, कोणी मारला म्हणाले. मी नकाशा उलगडून समोर धरला. ट्रक चालवणारा माणूस, त्यांना नकाशा वाचता येतो. विहिरीपासून ते बोट सरकवत गेले आणि त्या माडापाशी थांबले.

“म्हणजे तो स्वताच्याच माडाखाली मेलो,” म्हणाले.

मग विचारले, “तुका केव्हा कळला?” मी खरे सांगितले. त्यांनी हात वर केला. मी तोंड पुढे केले, मारू देत म्हणून. त्यांनी हात खाली घेतला, नकाशाची घडी घालून खिशात ठेवली आणि शिपायाला म्हणाले, मला आत न्या. भेटीची वीस मिनिटे शिल्लक होती. मारले असते तर मी सुखाने घरी आले असते.

भिंतीची आता भीती नाही. चौदा सप्टेंबरला ते सुटतात. इकडे येणार नाहीत हे मला कळून चुकले आहे. तू तुरुंगाच्या दारावर जाऊन उभा राहा. काही विचारू नकोस, त्यांना पेडण्याला तुझ्या नव्या घरी घेऊन जा. तिथून त्यांचा सावंतवाडीचा मुलूख दिसतो, जरा बरे वाटेल. माझे नाव त्यांनी काढले तर मी जिवंत आहे म्हण. नाही काढले तर तूही काढू नकोस.

पण त्याआधी मोजणीदाराची फी भर. आजच भर. मामांना राग येऊ दे, सुलोचना माहेरी निघून जाऊ दे. ह्यांना मी एकदा दुसऱ्याच्या जमिनीवर उभे केले. तू करू नकोस.

बाबाजीला मारणारी,
तुझी आक्का,
शेवंती