अणूंचे रोल नंबर

३ फेब्रुवारी, सकाळ
नवी डायरी. जानेवारी तयारीत गेला. निश्चय १: यंदा कोणावर चिडायचं नाही. निश्चय २: कॉम्प्युटरचं काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचं नाही. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखाला ते शोभत नाही.

३ फेब्रुवारी, दुपार
निश्चय १ मोडला. एम.एस्सी.ची ममता पावरा आली होती, धडगावकडची. सहा महिने लॅबच्या कॉम्प्युटरवर बसून बारा रेणू बांधलेत तिनं. तिच्या गावात तापावर ज्या झाडाचा पाला देतात त्यातले. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्यात तिला जागा मिळू शकते. त्यासाठी हे रेणू त्यांच्या सॉफ्टवेअरला चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये, सतरा तारखेपर्यंत, गाईडमार्फत पोचायला हवेत. गाईड म्हणजे मी. ती म्हणे, सर मीच करते, दहा मिनिटांचं काम आहे. दहा मिनिटं! एकवीस वर्षं शिकवतोय मी. म्हटलं, ठेवून जा.

५ फेब्रुवारी
फाईलच्या नावाचं शेपूट बदललं. बाहेरची पाटी बदलली की आतलं बदलेलच, साधी गोष्ट. फाईल उघडेना. पुण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तसंच वागतं.

७ फेब्रुवारी
एक्स्पोर्टचं बटण सापडलं. (लॅब अटेंडंट मगनभाऊंना सापडलं. मी त्याच बाजूला बघत होतो.) रेणू निघाला, पण पार सपाट, पापडासारखा. उंचीच्या रकान्यात सगळीकडे शून्य. मला सपाटही चालला असता. मगनभाऊ म्हणे, त्या पोरले करू द्या ना सर, ती दोन मिनिटमा करी टाकी. आधी दहा होती, आता दोन झाली. वा!

१० फेब्रुवारी
जमलं! थ्रीडीवर टिक करायची असते. कोणी सांगत नाही.
मग फाईल नोटपॅडमध्ये उघडली आणि डोकंच फिरलं. वर अणूंची यादी, खाली नुसत्या आकड्यांच्या जोड्या. यादीत कार्बन, कार्बन, ऑक्सिजन, पुन्हा कार्बन, मध्येच हायड्रोजन. कशाला काही धरबंध? परीक्षा विभाग सांभाळलाय मी. आमच्याकडे रोल नंबर इंग्रजी आद्याक्षरानंच लागतात. एक्सेलमध्ये घेऊन सगळे कार्बन एकत्र, मग हायड्रोजन, मग ऑक्सिजन लावले. सगळ्यांना नवे क्रमांक दिले. खालच्या जोड्यांना हात लावला नाही, त्या नीटच दिसत होत्या. बाराही फाईली अशा केल्या. ममताचा जुना फोल्डर डिलीट. रिसायकल बिनसुद्धा रिकामी. स्वच्छता म्हणजे स्वच्छता.

११ फेब्रुवारी
पुण्याला पाठवलं. घरी शीलाला सांगितलं. ती म्हणे, पोरनं काम शे, तुम्ही कसाले त्यामा हात घाली ऱ्हायनात? बायकोला विज्ञान समजावणं हा स्वतंत्र पीएच.डी.चा विषय आहे.

१६ फेब्रुवारी
पुण्याहून मेल. रेणू ओळखू येत नाहीत म्हणे. एका हाताच्या हायड्रोजनला चार-चार हात फुटलेत, कार्बन एकटेच बसलेत.
ममतानं स्क्रीन पाहिला आणि कपाळाला हात लावला. मग समजावलं (मला!) की खालच्या जोड्या म्हणजे कोणता नंबर कोणाला जोडलाय ते. निकाल लागल्यावर रोल नंबर बदलले तर मार्क भलत्यालाच जातील ना सर, तसं झालंय. हे मात्र पटलं. मग तिनं मूळ फोल्डर मागितला.
सांगावं लागलं. तिनं खुर्ची ओढली आणि पहिला रेणू नव्यानं बांधायला घेतला. मला इतकं वाईट वाटलं की चहा अर्धाच प्यायलो. तरी एकदा डिलीट केलेलं परत देत नाही म्हणजे दोष सॉफ्टवेअरचाच.

१७ फेब्रुवारी
काल दुपारपासून आज संध्याकाळी पाचपर्यंत ममतानं वहीतल्या नोंदींवरून बाराही रेणू पुन्हा बांधले, एक्स्पोर्ट केले, पाठवले. डोळे लाल झाले होते पोरीचे. मगनभाऊंनी तिला भाकरी आणून दिली आणि मला दारातच अडवलं: सर, तुम्ही घर जा. ठीक आहे. काही गाईड दूर राहून घडवतात.

९ मार्च
ममताची निवड झाली! सत्कारात मी तीस मिनिटं बोललो. तिला वेळ उरला नाही.

१३ जून
पुण्याहून ममताचा फोन. तिथे नव्या मुलांसाठी ऑनलाईन कार्यशाळा आहे, त्यात माझी फेब्रुवारीतली फाईल दाखवायचीय, परवानगी द्याल का सर, असं अडखळत विचारत होती. लाजाळू आहे. दिली! अखेर कोणीतरी ती मांडणी समजून घेतली. स्टाफच्या ग्रुपवर टाकलं, गावच्या ग्रुपवर टाकलं, विसरवाडीच्या साडूंना फोन केला. प्राचार्यांना सांगून ती कार्यशाळा कॉलेजच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवायची सोय केली.

२० जून
सभागृह गच्च भरलं होतं. साडू पहिल्या रांगेत. पडद्यावर माझा रेणू आला, चार हातांच्या हायड्रोजनसकट. वर मथळा: 'फाईल अशी कधीही करू नये.'
आधी पुण्याची मुलं हसली, मग आमचं सभागृह. साडू सगळ्यात मोठ्यानं. शीलानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हळूच विचारलं, आते कथा लपशात? लपायला जागा नव्हतीच.
ममता सांगत होती, ही फाईल कोणाची ते विचारू नका, नाव मी मुद्दाम काढायला लावलंय, सर फार चांगले आहेत.
स्लाईडवर नाव खरंच नव्हतं. आठवडाभर मीच सांगत फिरलो होतो.