तुमच्या होकाराआधी

पूर्णगड, आश्विन, १९३४

स्वारीचे सेवेशी मुंबईस, द्वारकेचा नमस्कार.

भाद्रपदात मला ताप आला होता, ते तुम्हाला कळवलं नाही. नऊ दिवस भावकीतलं कुणी उंबऱ्याशी आलं नाही. ज्यांच्याशी बोलायचं नाही असं तुम्ही बजावलंत, त्या शेजारच्या गोमतीवहिनी मधला गडगा ओलांडून पेज घेऊन आल्या.

मी म्हटलं, "ह्यांना कळलं तर?"

त्या म्हणाल्या, "आधी जग, मग भांड."

वैद्य म्हणाले, उशाशी माणूस होतं म्हणून वाचलीस.

काल त्याच तापाने त्या पडल्या. घरात दुसरं बायमाणूस नाही. हे पत्र टाकलं तर तुमच्या होकाराची वाट बघावी लागेल, म्हणून टाकत नाही. आता दार ओढून घेते आणि त्यांच्याकडे निघते.

तुमचीच,
द्वारका